कंप्रेसर, रडके आणि डोळ्यांची आखणी

आमच्या कारखान्यात मूर्तीवर पॉलिश पेपर मारला की पांढरी धूळ उडते. संध्याकाळी झाडून काढायची, सकाळी पुन्हा तेवढीच. कपाटात, ब्रशच्या डब्यात, केसांत, चहाच्या कपाखाली. किस्स्यांचंही तसंच आहे. ते जमवायला म्हणून कुणी बसत नाही. दहा-बारा माणसं रोज एका पत्र्याखाली काम करतात, वर फळीवर एक दणदणीत स्पीकर असतो, मग ते आपोआप साचत जातात. परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "तुझे आवडते रॉक बँड कुठले गं?" मी पाच नावं सांगायला तोंड उघडलं आणि तासभर किस्सेच सांगत बसले.

बँडची खरी नावं मी इथंही लिहीत नाही. पेणमध्ये, आमच्या गणपतीच्या कारखान्यात, ती कुणी वापरतच नाही. इथं त्यांचं नव्यानं बारसं झालंय. कंप्रेसर, भजनवाले, रडके, बाईचा बँड आणि गप. हे पाच. माझ्यासाठी जगातले सगळ्यात भारी.

माणसंही सांगून ठेवते. मी स्वाती. पनवेलला कॉलेज करून घरच्या कारखान्यात परत आलेली. बाबा साचे आणि ऑर्डरी बघतात. त्यांचे मोठे भाऊ म्हणजे नाना, ते आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं काम कुणीही करावं, पण आखणी नानांचीच. पेणमध्ये मूर्तीची किंमत तिच्या सोंडेवरून नाही, डोळ्यांवरून होते. नाना आखणीला बसले की पंखा बंद, कंप्रेसर बंद, स्पीकर बंद, बोलणं बंद. वरच्या पापणीची रेघ ते एका श्वासात ओढतात. ती पुसता येत नाही, गिरवता येत नाही. आली तर आली.

मला तो ब्रश हवा होता. मी सरळ सांगितलं होतं, या सीझनला आखणी मिळाली नाही तर पनवेलच्या एका जाहिरात कंपनीत जागा आहे, तिथं मुलाखतीला जाणार. नाना म्हणाले, "ज्याच्या कानात सारखी धडधड, त्याचा हात थरथरनारच."

मोठ्या माणसांचं हे एक मला कळत नाही. चाळीस वर्षं एकच काम केलं की त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींवर वाक्य सुचतं.

*

पहिला बँड, कंप्रेसर. माझा सर्वांत लाडका. वेग असा की ऐकताना श्वास घ्यायचं राहून जातं.

त्या दुपारी मी पेन ड्राइव्ह स्पीकरला लावून मागच्या अंगणात ब्रश धुवायला गेले. नाना जेवून आले. बघतात तर कारखान्यात कुणी नाही आणि घरघर चालू. रंगाचा स्प्रे मारायला आमच्याकडे एक जुना कंप्रेसर आहे. नाना गेले आणि त्याचं बटण बंद केलं. घरघर चालूच. बटण आधीपासून बंदच होतं, म्हणजे त्यांनी चालू केलं होतं. आता दोन घरघरी. त्यांनी पुन्हा बंद केलं. एक गेली, एक राहिली. मग त्यांनी प्लगच उपटला. तरी एक राहिली.

प्लग काढून चालणारं मशीन कुणालाही घाबरवेल. नानांनी समोरच्या गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, कंप्रेसरला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "बेअरिंग गेलंय, नाना."

मी ब्रश झटकत आत आले तेव्हा कंप्रेसरचं झाकण काढलेलं, चार नट फडक्यावर मांडलेले आणि मेकॅनिकचा हात कोपरापर्यंत आत. त्या गाण्यात मध्येच एक जागा आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात. काहीच नाही. एका श्वासाएवढी शांतता. नेमकं तेव्हाच मेकॅनिकनं एक नट आवळला.

"झालं," तो म्हणाला.

आणि ड्रम परत सुरू झाले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानं पाना पुन्हा उचलला, गाणं संपेपर्यंत नट आवळत बसला आणि शेवटी खरोखरची शांतता झाल्यावर कपाळ पुसत नानांना म्हणाला, "जरा हट्टी व्हतं. पण बसलं."

तो गेल्यावर मी फळीवरचा स्पीकर दाखवला. नानांनी त्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे बेअरिंग गेलेल्या मानसांची गानी ऐकतेस तू."

बारसं झालं.

*

भजनवाले हा तुषारचा बँड. तुषार माझा कॉलेजातला मित्र, गाव खांबजवळचं, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत. सुट्टी शिफ्टप्रमाणे बदलते. सुट्टी लागली की पेणला येतो, रंगाचे डबे उलटे घालतो आणि वाजवत बसतो. गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवतो, त्यामुळे आमच्यात तालाचं शेवटचं मत त्याचं.

भजनवाल्यांची गाणी लांबलचक. चार जण एकत्र गातात, एकच ओळ पुन्हा पुन्हा, प्रत्येक फेरीला थोडी वर चढवत. एकदा मंडळ टेम्पोतून भजनाच्या स्पर्धेला निघालं होतं. तुषार पुढे ड्रायव्हरजवळ. त्यानं मोबाइल टेम्पोच्या स्पीकरला जोडला आणि हे गाणं लावलं. मागे आठ म्हातारे, मांडीवर टाळ. पहिली पाच मिनिटं टाळ तसेच पडून. सहाव्या मिनिटाला एक टाळ वाजला. मग दुसरा. कोलाडच्या पुढे जाईपर्यंत आठही टाळ चालू.

स्पर्धेचं गाव आलं तरी कुणी खाली उतरेना. गाणं संपलेलं नव्हतं. आयोजक टेम्पोला हात लावून उभे, स्टेजवरून नाव पुकारलं जातंय आणि आत आठ म्हातारे डोळे मिटून शेवटच्या फेरीत.

गाणं संपलं. मंडळाचे बुवा, वय सत्तरच्या पुढे, सावकाश उतरले. तुषारला वाटलं आता शिव्या पडणार. बुवांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "चाल चांगली हाय. पन तुझा बुवा शब्द गिळतो."

स्पर्धेत नंबर आला नाही. सगळ्यांचे हात आधीच भरून आले होते.

याच तुषारची एक दुखरी जागा आहे. कंप्रेसरच्या गाण्यात ती मधली शांतता येते ना, तिच्यानंतर नेमकं कधी परत यायचं हे त्याला आजवर जमलेलं नाही. ती शांतता चार मात्रांत बसत नाही, आठांत बसत नाही. डब्यावर हात तयार ठेवून, ओठांत मोजत बसतो आणि दर वेळी आधीच वाजवतो. "हे मोजून यायचं काम नाय," असं शेवटी त्यानं जाहीर केलं. "ज्यानं बनवलंय त्यालाच येत असंल."

*

रडके हा बँड नाझियाचा. नाझिया रोह्याची, तिथल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिचे अब्बा पंधरा वर्षं कतारला ड्रायव्हर आहेत. फळीवरचा तो स्पीकर त्यांनीच आणलेला. घरी पहिल्यांदा लावला तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या भांड्यांना कंप सुटला, म्हणून तो कायमचा आमच्याकडे आला.

रडक्यांचा गायक रडत नाही खरं तर. पण रडून झाल्यावर माणूस ज्या आवाजात पाणी मागतो, त्या आवाजात तो सगळी गाणी गातो. नाझिया शाळेच्या वह्या तपासताना त्यांना लावायची. तिच्या अम्मीला इंग्रजी येत नाही. पण गाणं सुरू झालं की ती स्वयंपाक सोडून यायची, दारात उभी राहायची आणि मग मोबाइल घेऊन गॅलरीत जायची. अब्बांना फोन. तब्येत बरी आहे ना, जेवला का, गाडी सावकाश चालवा.

पहिले काही दिवस अब्बा घाबरले. घरी काय झालंय आणि आपल्यापासून लपवतायत, असं त्यांना वाटलं. त्यांनी गुपचूप नाझियाला वेगळा फोन केला. तिनं खरं काय ते सांगितलं.

त्यानंतर अम्मीचा फोन गेला की ते आधी विचारतात, "आज परत रडके लागले काय?"

मागच्या महिन्यात नाझियाला परीक्षांची गडबड होती. चार-पाच दिवस गाणी झाली नाहीत. शुक्रवारी अब्बांचाच मेसेज आला, नाझियाला. "काय झालं? रडके बंद झाले?"

*

बाईचा बँड. यात गिटार, ड्रम, सगळं पुरुषांचं, पण पुढे उभी एक बाई. ती गाता गाता एका क्षणी गाणं सोडून देते आणि नुसती ओरडते. पोटातून. मी हा बँड घाबरत घाबरतच लावला होता, कारण त्या दिवशी कारखान्यात बायका होत्या. मुकुटाला खडे लावायला धरमतरच्या खाडीकडच्या गावांतून पाच-सहा जणी येतात. त्यांची म्होरकी रंजनाताई.

ते ओरडणं आलं. रंजनाताईंचा हात खड्यावर थांबला.

"ही बाय कुनाशी भांडते गो?"

मी म्हटलं, घरच्यांशी. मोठ्या माणसांशी. तिला मनासारखं काम करू देत नाहीत म्हणून.

रंजनाताईंनी एकदा नाना दुपारी पडतात त्या बंद खोलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग बराबर हाय," म्हणाल्या. "लाव परत."

त्या दिवसापासून खडे लावायचा वेग वाढला. पण किस्सा पुढेच आहे. या बायकांच्या घरी जाणारी एसटी थांब्यावर थांबायची नाही. ड्रायव्हर लांबूनच हात हलवायचा आणि निघून जायचा. अर्ज केले, तोंडी सांगितलं. एका संध्याकाळी एसटी अशीच पुढे गेली आणि रंजनाताईंनी बाकीच्यांना नुसती मान हलवून खूण केली. सहा जणींनी एकदम ते ओरडणं केलं. अगदी बँडमधल्या बाईसारखं, वर चढवत नेऊन.

एसटी करकचून थांबली. मग मागे आली. कंडक्टर धापा टाकत खाली उतरला, चाकांखाली वाकून बघायला लागला. "काय झालं? कोन आलं खाली?"

"कोन नाय," रंजनाताई डबा सांभाळत वर चढल्या. "गानं हाय."

ती गाडी आता थांबते. आधीच हळू होते.

*

पाचवा बँड, गप. यात कुणी गातच नाही. नुसती वाद्यं, तीही सावकाश. नानांनी पहिल्यांदा ऐकून "गानारा मेला काय?" असं विचारलं होतं. बाकी काही नाही. ही त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात चांगली दाद.

मला वाटलं, गप लावून आखणी मागावी. धडधड नाही म्हणजे तक्रार नाही. मी गेले आणि मागितली. नानांनी एक कान तुटलेली मूर्ती पुढे ठेवली, म्हणाले, काढ. मी खूश. मग त्यांनी उठून स्पीकर बंद केला. पंखा बंद. बायकांना गप्प केलं.

आता इथं मला खरं सांगायला पाहिजे. त्या शांततेत माझा हात थरथरला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. मागे रंजनाताईंनी हातातला खडासुद्धा खाली ठेवला नव्हता, वाजेल म्हणून. सगळे माझ्यासाठी श्वास धरून होते आणि मला तो सगळा श्वास मानेवर जाणवत होता. पापणीची रेघ सुरू झाली बरी, मध्ये लटपटली आणि टोकाला खाली आली. गणपती झोपेतून उठल्यासारखा दिसायला लागला.

नाना म्हणाले, "बघितलंस?"

मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम केलंत. शांततेत कुणाचाही हात हलेल."

"माझा नाय हलत."

"तुम्हाला ऐकूच येत नाही काही. ना गाणं, ना माणसं."

बाबांनी साच्यामागून "स्वाती" एवढंच म्हटलं. नानांनी ब्रश धुतला, टोक बोटांनी सरळ केलं आणि डब्यात ठेवला. मी त्याच दुपारी पनवेलच्या कंपनीला मुलाखतीची तारीख विचारली. नानांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "जा की."

*

रागात माणूस एकतर भांडी घासतो, नाहीतर सराव करतो. मुलाखतीला अजून काही आठवडे होते, मी डोळे काढत सुटले. फरशीवर, रंगाच्या डब्यांवर, नाझियाच्या जुन्या टिफिनवर. एका रविवारी तुषार कंपनीतून थेट आला होता, त्याचं पिवळं सेफ्टी हेल्मेट बाकावर होतं. तो जेवत होता तोवर मी हेल्मेटवर दोन डोळे काढले. पूर्ण आखणी. भुवया, पापण्या, कोपऱ्यातली लाल छटा. त्यानं न बघताच पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो प्लांटमध्ये शिरला. समोरून येणाऱ्या माणसानं त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. तुषारला वाटलं गंमत करतोय. दुसऱ्यानंही केला. तिसऱ्यानं चप्पल काढायला वाकून मग बूट आहेत हे लक्षात येऊन तसंच हात जोडले. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याच्याशी कुणी सरळ बोलेना. त्याचा सुपरवायझर रोज त्याच्यावर ओरडायचा, तो त्या दिवशी त्याच्यापाशी आला, तोंड उघडलं, वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तो व्हॉल्व्ह तेवढा बघून घे."

तुषार म्हणतो, इतकी चांगली शिफ्ट आजवर झाली नाही.

मग प्रश्न आला, हेल्मेट ठेवायचं कुठं? डोळे आहेत, जमिनीवर कसं ठेवणार? घासून काढायला कुणी तयार होईना. शेवटी तुषारला नवीन हेल्मेट मिळालं आणि जुनं लॉकरच्या खोलीत उंच फळीवर गेलं. कुणीतरी त्याच्यापुढे जास्वंद ठेवतं. कोण ठेवतं ते माहीत नाही, तिन्ही शिफ्ट एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे नानांच्या कानावर गेलं. त्यांनी तुषारला ते हेल्मेट आणायला लावलं. एक दिवसासाठी, परत नेऊन ठेवायच्या बोलीवर. खिडकीशी नेऊन, हात लांब करून, मान कलती करून बघितलं. मी मुद्दाम दुसरं काम करत होते.

"उजवा बरा हाय," नाना म्हणाले. "डावा रागीट आलाय."

"मी रागातच काढलाय," मी म्हटलं.

त्यांनी हेल्मेट तुषारला परत दिलं. दोन्ही हातांनी.

*

पनवेलच्या मुलाखतीचा किस्सा फार छोटा आहे. तिथल्या साहेबांनी विचारलं, छंद काय. मी म्हटलं, रॉक ऐकते आणि गणपतीचे डोळे काढते. त्यांनी फक्त दुसरं लिहून घेतलं. नोकरी मिळाली. गणपतीनंतर रुजू व्हायचं, 'हो' की 'नाही' ते अमुक सोमवारपर्यंत कळवायचं.

मी तिथं मावशीकडे तीन दिवस राहिले. निघताना स्पीकर पूर्ण चार्ज करून फळीवर ठेवला होता. परत आले तर बॅटरी संपून लाल दिवा लुकलुकत होता आणि पेन ड्राइव्ह तिथंच खोचलेला. मी रंजनाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आमी हात नाय लावला बाय, दोन दिवस आमी गावातल्या लग्नाला व्हतो, कारखान्यात नाना तेवढे व्हते. बाबा म्हणाले, ते ऑर्डरी घेऊन बाहेर होते. स्पीकर जुना झाला असेल, आपोआप उतरत असेल, असं समजून मी पुन्हा चार्जिंगला लावला.

*

आता शेवटचा.

आमच्याकडे एक रीत आहे. गिऱ्हाइकांच्या सगळ्या मूर्ती गेल्याशिवाय घरच्या गणपतीला डोळे लागत नाहीत. शेवटचा टेम्पो निघाला की मग नाना एकटे बसून तो एक करतात. त्या रविवारी दुपारी शेवटचा टेम्पो गेला. तुषार आणि नाझिया मूर्ती चढवायला आले होते. रंजनाताई फळ्या पुसत होत्या. कारखाना रिकामा झाला की नुसतं खाकरलं तरी घुमतं. दुसऱ्या दिवशी तो सोमवार होता. सकाळी मी फोन करून 'हो' सांगणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी तो विषय काढत नव्हतं.

नानांनी घरचा गणपती पाटावर मधोमध ठेवला. पंखा बंद केला. कंप्रेसरचा प्लग काढला. स्पीकर बंद आहे ना ते हात लावून बघितलं. मग ब्रशचा डबा घेऊन आले आणि पाटापुढे बसलेच नाहीत. बाजूला उभे राहिले.

"बस," मला म्हणाले.

मला वाटलं मस्करी. मी बाबांकडे बघितलं. बाबा दोरीची गाठ सोडवत होते, सुटलेली गाठ पुन्हा सोडवत होते. मी बसले. नानांनी ब्रश दिला. तोच, शून्य नंबरचा, मूठ झिजून बोटाच्या आकाराची झालेली.

"हा घरचा आहे," मी म्हटलं. "बिघडला तर?"

"वरची पापणी आधी," नाना म्हणाले आणि माझ्या पाठीमागे गेले.

शांतता. तीच. मागच्या वेळची. ब्रश रंगात बुडवला, निथळला, वर नेला आणि टोक हलायला लागलं. मी हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. पुन्हा हललं. नाझियानं ओढणीचं टोक तोंडात धरलेलं मला कडेनं दिसत होतं.

मग माझ्या पाठीमागे एका रिकाम्या डब्यावर दोन बोटं वाजली.

हळू, अगदी दबक्या आवाजात. आधी मला कळलं नाही. तिसऱ्या ठोक्याला कळलं. कंप्रेसर! घरघर नव्हे, खाली जे ड्रम चालतात ते, एकही ठोका न गाळता. तुषार हातातला पुठ्ठा तसाच धरून उभा राहिला. डब्यावरचा ताल चढत गेला, त्या जागेशी आला आणि थांबला.

मी रेघ ओढली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून वर, गोल, बाहेरच्या टोकापर्यंत, आणि ब्रश उचलला.

ब्रश उचलला आणि ठोका परत आला. नेमका. तुषार मांडीवर मोजत होता, तो याही वेळी आधीच आला होता.

नानांनी डबा बाजूला सारला, वाकून माझ्या खांद्यावरून मूर्तीकडे बघितलं, मान कलती करून.

"आता डावा," म्हणाले. "रागवायचं नाय."